सरकारी घोडा, शेतकऱ्याची घोडी

शेतकऱ्याच्या जनावरासाठी सरकारने उत्तम वाणाचा नर पुरवावा, तोही फुकट किंवा नाममात्र दरात, यात वाईट ते काय? गाई-म्हशींच्या बाबतीत आज हा प्रश्न कुणी विचारतही नाही. मोटारसायकलवर नायट्रोजनचा कॅन बांधून माणूस गोठ्यापाशी येतो, गाय भरवतो, पावती फाडतो आणि पुढच्या वस्तीला निघतो. वळू कुठला, हे वीर्याच्या कांडीवर छापलेलं असतं. गाय कुणाची आणि ती कुठून आली, हे मात्र बहुधा मालकालाच ठाऊक असतं.

इंग्रजांनी या देशात घोड्यांच्या बाबतीत हाच उद्योग थोडीथोडकी नाही, दीडशे वर्षं केला. त्या अनुभवावरून माझं मत असं बनलं आहे की, नर पुरवण्यात मुळीच चूक नव्हती. चूक होती ती मादीचा, म्हणजे ती पाळणाऱ्या घराचा, हिशोब न मांडण्यात. वंशावळीचा कागद घोड्याच्या नावाने निघे, खर्चाचा बोजा मात्र घोडीवाल्याच्या डोक्यावर बसे.

सुरुवात बिहारात झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीने तिरहुतमधल्या पुसा इथे घोडेपैदाशीची मोठी पागा उभारली. घोडदळाला घोडे हवे होते आणि अफगाणी व मध्य आशियाई सौदागरांवर अवलंबून राहणं कंपनीला परवडत नव्हतं. १८०८ मध्ये विल्यम मूरक्रॉफ्ट हा पशुवैद्य तिथे प्रमुख म्हणून आला. फ्रान्समध्ये लियोंला रीतसर शिकलेला, हुशार आणि तितकाच हट्टी माणूस. पागेतली पैदास पुरी पडेना, म्हणून आसपासच्या जमीनदारांच्या आणि रयतेच्या माद्यांना कंपनीचे घोडे लावायचे आणि होणारी शिंगरं कंपनीने विकत घ्यायची, ही पद्धत तिथे चालली. मूरक्रॉफ्टला मात्र खरं रक्त मध्य आशियातच मिळेल असं वाटत राहिलं. १८१२ मध्ये तो गोसाव्याच्या वेशात मानसरोवरापर्यंत गेला. पुढे लडाख, काश्मीर, काबूल करत १८२५ मध्ये बुखाऱ्याला पोहोचला आणि त्याच वर्षी परतीच्या वाटेवर वारला. एका उमद्या नराच्या शोधात आयुष्य घालवणाऱ्या या माणसाबद्दल मला आदर आहे. पण सगळी भिस्त बाहेरून आणायच्या नरावर ठेवायची सवय सरकारी घोडेपैदाशीला तेव्हापासूनच लागली, असंही वाटतं.

पुसाचा कारभार महागात पडला. पागेत वाढलेला एक घोडा बाजारातल्या घोड्याच्या कितीतरी पट किमतीला पडतो, ही टीका वर्षानुवर्षं होत राहिली आणि १८७० च्या दशकात कंपनीच्या काळापासूनचं ते पागाखातं मोडीत काढलं गेलं. (पुसाच्या त्याच जमिनीवर १९०५ मध्ये शेती संशोधन संस्था निघाली. जागा वाया गेली नाही.) नव्या धोरणात सरकारने स्वतः घोड्या पाळणं सोडलं. त्याऐवजी निवडक जिल्ह्यांत इंग्लिश थरोब्रेड, नॉरफोक ट्रॉटर आणि अरबी घोडे ठेवायचे, शेतकऱ्यांच्या घोड्या तपासायच्या, पसंत पडतील त्यांना डाग द्यायचा आणि डाग दिलेल्या घोडीला सरकारी घोडा फुकट लावायचा, अशी ही योजना. हॅलन नावाचे पशुवैद्य या कामाचे मुख्य अधीक्षक होते.

कागदावर ही योजना पुसापेक्षा शहाणपणाची होती. पागा मोडली, मोतद्दारांचे पगार वाचले, दाणा-वैरण वाचली. पण तो खर्च गेला कुठे? तो शेतकऱ्याच्या दावणीला जाऊन बसला.

घोडीचं गणित गाईच्या गणिताहून वेगळं आहे. घोडीला दिवस मोठे होऊ लागले की माज येतो. म्हणजे उत्तरेत लावणीचा हंगाम फेब्रुवारीपासून पुढे चालतो आणि ऐन भरात येतो तेव्हा शेतात गहू कापणीला आलेला असतो. माज साधारण एकवीस दिवसांनी परततो आणि पाच-सात दिवस टिकतो. सरकारी घोडा गावात नसतो, तो ठाण्यावर असतो. तिथवर घोडी चालवत न्यायची. आधी दुसरा एखादा घोडा कठड्याआडून दाखवून घोडी राजी आहे का ते बघतात. राजी नसेल तर लाथ बसते, म्हणून मागचे पाय दोराने बांधायचे. लावून झाल्यावर तिला फिरवायचं, घरी आणायचं, एकवीस दिवसांनी पुन्हा न्यायची आणि नराला अंगाशी येऊ देत नसेल तर गाभण राहिली असं समजायचं. मग अकरा महिने गाभणपण. शिंगरू झालं तर ते कामाला किंवा विक्रीला लायक व्हायला तीन ते चार वर्षं. म्हणजे लावणीपासून हातात पैसा पडेपर्यंत साडेचार-पाच वर्षं दोन जनावरांचा दाणा, चारा, नाल आणि दुखणी शेतकऱ्याने सोसायची. शेवटी रिमाउंटचा, म्हणजे सैन्यासाठी घोडे घेणाऱ्या खात्याचा, साहेब येऊन शिंगराच्या पायाला हाडवाढ आहे म्हणून नापास करणार, तो धोकाही त्याचाच. या सगळ्यात घोड्याची फी फुकट! सरकारने आवळा दिला होता, कोहळा केवढा काढला हे शेतकऱ्याला पाच वर्षांनी कळे.

ही पाच वर्षं त्या घोडीने काही कमावलं असतं तर गोष्ट वेगळी होती. इथेच खरी गोम आहे. हिंदुस्थानात नांगर बैल ओढतो, मोट बैल ओढतो, गाडी बैल ओढतो. घोडी शेतात काही करत नाही. ऑस्ट्रेलियाकडे पाहिलं की फरक लगेच कळतो. न्यू साउथ वेल्समधला शेतकरीही वंशावळीचा घोडा भाड्याने लावत असे. हंगामात एक माणूस घोड्याला घेऊन ठरलेल्या वाटेने शेतोशेत फिरे, फी आधीच जाहीर असे, घोड्याचा बाप-आजा छापील कागदावर असे. पटलं तर लावायचं, नाही तर दुसऱ्याचा घोडा पुढच्या आठवड्यात येतोच. ती घोडी वर्षभर नांगर, गाडी आणि खोगीर यांवर आपला चारा कमावत असे. शिंगरू ही वरकड मिळकत. असे काही लाख घोडे तिथून जहाजांनी परदेशी गेले आणि त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं हिंदुस्थानातलं सैन्य. न्यू साउथ ‘वेल्स’वरून त्यांना ‘वेलर’ म्हणत. इथे फुकट घोडे वाटणारं सरकार आपल्या तोफखान्यासाठी आणि गोऱ्या घोडदळासाठी विसाव्या शतकातही समुद्रापलीकडचे वेलर विकत घेत होतं. एवढ्यावरून ‘सरकारी ते नासकं, खासगी ते चोख’ असा निष्कर्ष काढायची मला घाई नाही. ऑस्ट्रेलियात कुरणं अफाट होती आणि ती मूळ रहिवाशांकडून हिसकावलेली असल्याने स्वस्तही होती. पण एवढं नक्की की, चांगला नर दोन्हीकडे होता. मादीला काम मात्र एकाच ठिकाणी होतं.

सरकारी अधिकाऱ्यांना हे दिसत नव्हतं असं नाही. त्यांना दिसलं, पण त्यांनी काढलेला तोडगा भलताच होता. शेतकऱ्याला घोडी परवडत नाही ना, मग ती परवडेल एवढी जमीन द्या आणि जमिनीलाच घोडी बांधा. १९०० च्या सुमारास घोडे आणि खेचरांच्या पैदाशीचा विचार करायला एक आयोग नेमला गेला. त्याच वेळी पंजाबात झेलम नदीवरून नवा कालवा निघत होता. १९०१ मध्ये पाणी सुटलं, १९०३ मध्ये सरगोधा वसलं आणि शाहपूर जिल्ह्यातल्या ओसाड ‘बार’मध्ये, म्हणजे नद्यांमधल्या माळरानात, नवी शेतकरी वसाहत उभी राहू लागली. जमिनी वाटण्याचं काम माल्कम हेली या तरुण अधिकाऱ्याकडे होतं. हा पुढे पंजाबचा गव्हर्नर झाला. साधी शेतकरी वसाहत म्हणून जिची आखणी चालली होती, तिच्यावर वरून घोडेपैदाशीची अट लादली गेली.

अट अशी की, कालव्याची जमीन हवी असेल तर लष्कराला पसंत पडेल अशी घोडी पाळायची. तिला सरकारी घोडाच लावायचा. शिंगरावर पहिला हक्क रिमाउंट खात्याचा. घोडी नीट ठेवली नाही तर जमीन जाण्याची टांगती तलवार. अशा कुळांना घोडीपाल म्हणत. शेजारच्या चिनाब वसाहतीतल्या शेतकऱ्यांना पुढे मालकी हक्क विकत घेता आले. घोडीपाल मात्र कूळच राहिला, कारण मालक झाला तर घोडी विकून मोकळा होईल ही भीती. सगळ्यात जाचक अट वारशाची. जमिनीचे तुकडे झाले तर घोडी पोसली जाणार नाही, म्हणून जमीन एकट्या थोरल्या मुलाला. पंजाबातल्या जाट घरांत, मग ती शीख असोत की मुसलमान, भावाभावांत जमीन सारखी वाटायची रीत होती. घोड्याच्या वंशावळीपायी सरकारने माणसांच्या घरातला वारसा बदलला! धाकट्याने काय करायचं, याचं उत्तर योजनेत नव्हतं. कदाचित घोडदळात भरती व्हायचं.

१९०७ मध्ये पंजाबातले कालवा-वसाहतींचे शेतकरी रस्त्यावर आले. अजित सिंग आणि लाला लजपतराय यांना मंडालेला पाठवण्यात आलं, ते प्रकरण आपल्याकडे टिळकांच्या मंडालेमुळे निदान नावाने माहीत असतं. त्या आंदोलनाचा भर चिनाब वसाहतीवर आणि पाणीपट्टीवर होता, घोड्यांवर नव्हे. पण मूळ तक्रार एकच होती. जमीन दिली म्हणून सरकार आमच्या घरात, वारशात आणि गोठ्यात कुठवर शिरणार? व्हाइसरॉय मिंटोने वसाहतींच्या जमिनींबाबतच्या वादग्रस्त विधेयकाला मंजुरी नाकारली. घोडीपालांच्या अटी मात्र पुढेही चालू राहिल्या. इतक्या चालू राहिल्या की फाळणीनंतर पाकिस्तानी लष्करानेही त्या कित्येक दशकं तशाच ठेवल्या. रणगाडे आले, विमानं आली, सरगोध्याला हवाई दलाचा मोठा तळ झाला, तरी घोडीपाल घोडी पाळतच राहिला. एकदा सरकारी अट जमिनीला चिकटली की तिचं कारण मेलं तरी ती मरत नाही.

आता दुसरी बाजू. सरकारने नरांच्या भानगडीत पडूच नये का? असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, आणि त्याला डोरीन हा रोग पुरेसा आहे. हा रोग घोड्याकडून घोडीला आणि घोडीकडून घोड्याला, लावताना होतो. जननेंद्रियांवर सूज येते, अंगावर रुपयाएवढ्या चकत्या उठतात, पुढे मागचे पाय लुळे पडतात आणि जनावर झिजून मरतं. त्यावर लस आजही नाही. एक घोडा हंगामात पन्नासेक घोड्यांना लागतो, हे लक्षात घेतलं तर एका रोगी नराने केवढा प्रदेश बाधित होईल ते सांगायला नको. यासाठी १९१० मध्ये हिंदुस्थानात खास डोरीन कायदा झाला. पैदाशीच्या घोड्यांची नोंदणी करायची, तपासणी करायची, रोगी निघाला तर घोडा खच्ची करायचा आणि घोडी मारायची, असे अधिकार त्यात दिले होते. भरपाईची सोयही होती. या रोगांवर काम करणारी सरकारी प्रयोगशाळा १८८९ मध्ये सुरू झाली ती आपल्या पुण्यातच. नंतर ती मुक्तेश्वरला हलली आणि तिचीच पुढे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. नराची तपासणी, नोंदणी, रोगमुक्तीचा दाखला ही कामं एकट्या शेतकऱ्याला जमणारी नाहीत, आणि नरवाल्या व्यापाऱ्यावर सोडावीत अशीही नाहीत. तिथे सरकार हवंच. शंका आहे ती पुढच्या पावलाबद्दल, म्हणजे तपासणारा हात ‘हाच लावायचा आणि आम्हालाच विकायचा’ असं सांगू लागतो तिथे.

शास्त्राच्या अंगाने पाहिलं तरी नरावरचा हा भर एकांगी होता. १९३८ मध्ये केंब्रिजच्या वॉल्टन आणि हॅमंड या दोघांनी एक सुंदर प्रयोग केला. शायर म्हणजे प्रचंड अंगाचा ओढकामाचा घोडा आणि शेटलंड म्हणजे कमरेएवढं तट्टू. कृत्रिम रेतन करून त्यांनी दोन्ही बाजूंनी संकर केला: शायर घोडीला शेटलंडचा नर, शेटलंड घोडीला शायरचा नर. दोन्ही शिंगरांत रक्त अर्धं-अर्धंच. तरी शायरच्या पोटचं शिंगरू जन्मतः शेटलंडच्या पोटच्या शिंगराच्या साधारण तिप्पट वजनाचं भरलं, आणि मोठेपणीही तो फरक पुरता भरून निघाला नाही. आईचं गर्भाशय, आईचं दूध, आईची शरीरयष्टी यांनी मर्यादा आखून दिली होती. ‘खाण तशी माती’ असं आपल्या बाया सोयरीक बघताना म्हणतात, ते केंब्रिजने तराजूवर मोजून दाखवलं. अरबस्तानातले बदू तर घोड्याचं घराणं सांगताना आईकडून सांगतात. आणि नॉरफोकचा धिप्पाड घोडा तेरा मुठी उंचीच्या देशी घोडीवर आणून तोफखान्याचा घोडा मिळेल अशी आशा करणारे अधिकारी मात्र घोडीच्या अंगावर फक्त डाग देऊन थांबत. तिच्या आईचं नाव कुठल्याच दप्तरात नसे.

आपल्या दख्खनचा दाखला इथे आणायलाच हवा, कारण तो याच्या उलट बाजूने तेच सांगतो. भीमा-नीरेच्या खोऱ्यातली भीमथडी घोडी सरकारी योजनेतून घडली नव्हती. चौल-दाभोळ-गोव्याच्या बंदरांत उतरणारे अरबी-इराणी घोडे आणि इथल्या काटक घोड्या यांच्यातून ती शतकानुशतकं घडत गेली. ती टिकली, कारण मराठी राज्यात शिलेदाराला स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला यावं लागे आणि त्या घोड्यासकट त्याचा पगार ठरे. भीमेकाठच्या कुणब्याच्या दारातल्या घोडीला गिऱ्हाईक होतं, आणि ते एकटं सरकारही नव्हतं. दहा सरदार होते. १८१८ ला पेशवाई गेली आणि ते गिऱ्हाईक एका फटक्यात उठलं. शिरूरला नवं पूना हॉर्स उभं राहिलं, पण एक पलटण म्हणजे अख्खी मराठा फौज नव्हे. पुढे इंग्रजांनी दख्खनमध्येही सरकारी घोडे ठेवले, पण त्यांनी भीमथडीला तारलं नाही. तारलं ते धनगरांनी. पावसाळा संपला की वाडा, म्हणजे मेंढ्यांसह फिरतं बिऱ्हाड, हलवायचा, तेव्हा बिऱ्हाड, कोकरं, म्हातारी आई आणि भांड्यांची गठडी याच तट्टांच्या पाठीवर जातात. घोडीला काम होतं म्हणून वाण उरला. त्या काळात धनगराला वंशावळीचा घोडा कुणी देऊ केला नाही, हे एका अर्थी बरंच झालं.

अलीकडे राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली आहे आणि बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने त्यासाठी बराच पाठपुरावा केला. चांगलं झालं. मात्र मान्यता मिळाली की पुढे काय होतं ते सारंगखेड्याच्या बाजारात पाहावं. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या त्या बाजारात मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांना लाखोंचे भाव येतात. गिऱ्हाईक कानांची कमान बघतं, रंग बघतं, कपाळावरचे आणि गळ्यावरचे भोवरे मोजतं, घोडा नाचतो का विचारतं. ओझं किती वाहील असं मी तरी कुणाला विचारताना ऐकलं नाही. भीमथडीचं असं होऊ लागलं, तर चार उमदे नर शोधले जातील, त्यांची छायाचित्रं फिरतील, त्यांची फी ठरेल आणि हौशी फार्महाउसवाले रांग लावतील. नराच्या मागे धावणं आपल्या रक्तात आहे की इंग्रजांनी शिकवलं, देव जाणे.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये गोवंशाच्या प्रजननासाठी नियमनाचा कायदा केला आहे. वीर्य कुठून येतं, कोण देतं, कोण भरवतं यावर त्याने अंकुश यावा ही अपेक्षा रास्तच आहे. डोरीन कायद्याच्या जातीचंच हे काम. पण डांगी, देवणी, लाल कंधारी, खिल्लार या आपल्या जातींची खरी ठेव गावोगावच्या गाईंच्या पोटात आहे, आणि त्या गाई आज काय खातात, दिवसाला काय कमावतात आणि बैलाची गरज संपल्यावर त्यांना दावणीला ठेवायचं कारण काय, याचं उत्तर वळूची कांडी देणार नाही. गाईच्या आईचं, आजीचं दूध आणि आयुष्य नोंदवणाऱ्या शेतकऱ्याला त्या नोंदीचे पैसे मिळाले पाहिजेत. शिंगरू असो की वासरू, गिऱ्हाईक निवडायचा हक्क त्याचा त्याला राहिला पाहिजे. आणि अनुदानाची जमीन, कर्ज किंवा शेड कुठल्याही एका वाणाला बांधू नये. सरगोध्याच्या धाकट्या भावांनी ती किंमत भरून झाली आहे.

भीमथडीपुरतं बोलायचं तर नोंदणीची वही तालुक्याच्या दवाखान्यात ठेवून चालणार नाही. वाडे कोकणात उतरतात त्या वाटेवर, नोव्हेंबर-डिसेंबरात, पशुवैद्याने स्वतः चालत जावं, घोडीचं आणि तिच्या आईचं नाव धनगरणीला विचारून लिहावं, शिंगरू झाल्याच्या वर्षी घोडीच्या दाण्याचे पैसे तिथेच हातावर ठेवावेत. ‘घोडी घेऊन अमुक तारखेला हजर राहावे’ अशी नोटीस काढली, तर त्या दिवशी बिऱ्हाड कुणाच्या पाठीवर टाकायचं हेही नोटिशीतच लिहावं लागेल.